मदत हवी आहे: बजेट कमी, म्हणून दुकानात स्पीकर नीट ऐकूच देत नाहीत

नमस्कार मंडळी,

स्पीकरची एक जोडी आणि एक अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा आहे. खोली लहान, ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन. पैसे हळूहळू साठवलेत, त्यापलीकडे जाणं शक्य नाही. कुठले घ्यावेत ते पुढचं, आधी ते धडपणे ऐकायला तरी मिळावेत.

भारी ऑडिओच्या दुकानात पहिला प्रश्न बजेटचा येतो. काय ऐकता, खोली केवढी आहे, स्पीकर भिंतीला लागून ठेवणार का, हे कोणी विचारत नाही. आकडा सांगितला की बोलण्याचा सूरच बदलतो. ऐकण्याची खास खोली 'आत्ता रिकामी नाही', आणि मला फळीवर रांगेने मांडलेले स्पीकर उभ्या उभ्या ऐकवले जातात. मागे भिंत, दोन्ही बाजूंना इतर जोड्या. अशा जागी बास फुगतो, गाणारा नेमका कुठे बसलाय तेही कळत नाही.

मागच्या वेळी विक्रेत्याने माझ्या बजेटची जोडी जेमतेम मुखडा होईपर्यंत वाजवली आणि 'आता हे ऐका' म्हणून कितीतरी महागडी लावली. लावताना त्याच्या बोटांनी व्हॉल्यूमचा नॉब हलकेच उजवीकडे फिरवला. मी म्हटलं, दोन्ही सारख्याच आवाजात ऐकवा. तर म्हणे, 'साहेब, फरक ऐकू येतोय ना?' अहो, येणारच! एखादा डेसिबल वाढला तरी कानाला तो मोठा आवाज वाटत नाही, स्वच्छ आवाज वाटतो. आणि नॉब जागचा न हलवूनही भागत नाही. तेवढ्याच विजेवर (मोजमापाचे ठरलेले 2.83 व्होल्ट) एक मीटरवर 84 डेसिबल देणारा स्पीकर आणि 90 देणारा स्पीकर एकाच खुणेवर सारखे वाजणार नाहीत.

मला याचं खरंच वाईट वाटतं. ज्याला चार वर्षांनी बदलायची ऐपत आहे त्याला तासभर सोफ्यावर बसवतात. माझ्यासारख्याला हीच जोडी वर्षानुवर्षं ऐकायची आहे, त्याला दहा मिनिटंही देत नाहीत.

तर जाणकारांना विचारतो: बजेट सांगावं की लपवावं? मोबाईलवर आवाज मोजणारं अ‍ॅप दुकानात काढलं तर चालतं का? घरी ऐकायला मागावं का?

प्रतिसाद

बजेट लपवू नका, उलट फोनवरच सांगा. 'मला अमुक दोन मॉडेल ऐकायची आहेत, गर्दी नसेल तेव्हा अर्धा तास मिळेल का?' असं विचारा. जो फोनवर टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाण्याची खेपच वाचते.

अ‍ॅप खुशाल काढा. मोबाईलचा आकडा तंतोतंत नसतो, पण दोन जोड्यांची तुलना करायला पुरतो. पिंक नॉइज (सगळ्या सुरांचा मिळून होणारा एकसारखा खळखळाट) लावायचा, बसता तिथे कानाच्या उंचीवर फोन धरायचा आणि दोन्ही जोड्या सारख्या आकड्यावर आणायच्या. मग तुमचं रोजचं ध्वनिमुद्रण लावा. तानपुऱ्याच्या तारेचा झणत्कार शेवटपर्यंत ऐकू येतो का आणि तबल्याच्या बायाँचा (डग्ग्याचा) घुमारा वेगळा राहतो का, ते बघा.

अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटवर पैसे घालवू नका. 50 चे 100 वॅट केले तर जेमतेम 3 डेसिबल वाढतात. केबलचा आग्रह झाला तर हसून नाही म्हणा, दोन-तीन मीटरला साधी जाड तांब्याची वायर भरपूर झाली.

घरी मात्र ऐकायलाच हवं, अनामत ठेवावी लागली तरी. समोरासमोरच्या भिंतींत 3 मीटर अंतर असेल तर 57 हर्ट्झच्या आसपासचा सूर खोलीच फुगवते. दुकानात ते कळणार नाही.

धागाकर्ता

खूप आभार, उद्याच फोन लावतो. एकच विचारायचं राहिलं: याच पैशांत वापरलेली, जरा वरची जोडी मिळत असेल तर काय तपासू?

प्रतिसाद

जाळी काढून कोनभोवतीची (कोन म्हणजे आवाज काढताना हलणारा शंकूसारखा पडदा) फोमची कड बघा, जुनी झाली की ती भुगा होऊन गळते. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा, अगदी हलका आत दाबा. खरखर जाणवली तर व्हॉइस कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासतेय, ती जोडी सोडा. ट्वीटरला (वरच्या पट्टीचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाला) बोट लावू नका, एकेकाजवळ कान नेऊन दोन्ही वाजताहेत एवढं ऐका.