मॉकिंगबर्ड कोणाच्या डेकमध्ये ठेवावी? (मार्व्हल चॅम्पियन्स, दोघांचा खेळ)

भाचीचा_मामा (नागपूर)

माझी अकरा वर्षांची भाची सुट्ट्यांसाठी आमच्याकडे प्रतापनगरला आली आहे. दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून जेवणं आटोपली की सतरंजी टाकून आम्ही मार्व्हल चॅम्पियन्स हा पत्त्यांचा खेळ (दोघांनी मिळून एका व्हिलनशी लढायचं) घेऊन बसतो. कूलर दुसरीकडे तोंड करून ठेवावा लागतो, नाहीतर पत्ते उडतात. शिवाय त्या ओल्या हवेनं पत्ते वाकायला लागले होते. स्लीव्ह घातले तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तिचा हीरो स्पायडर-मॅन, पत्त्यांचा गट जस्टिस. माझी कॅप्टन मार्व्हल, गट लीडरशिप. दोघांनाही आपापल्या डेकमध्ये (पत्त्यांच्या गड्डीत) मॉकिंगबर्ड ही ॲलाय, म्हणजे साथीदार, हवी आहे, आणि युनिक पत्ता असल्यामुळे टेबलावर दोघांची मिळून एकच राहू शकते. त्यामुळे तिची खरी किंमत काय, याचा दोन दिवसांपासून विचार करून राहिलो.

माझा हिशोब असा. छापील किंमत ३, ती हातातले पत्ते टाकून भरायची, पण मॉकिंगबर्ड स्वतःही हातातून जाते, म्हणजे खर्च ४ पत्त्यांचा. हीरो रूपात आम्हा दोघांचा हात ५ पत्त्यांचा. म्हणजे डबल रिसोर्स (एकटाच दोनची किंमत भरणारा पत्ता) हाती नसेल तर त्या फेरीत दुसरं जवळजवळ काहीच होत नाही. बदल्यात थ्वार्ट (व्हिलनचा डाव मागे ढकलणं) १, अटॅक १, हेल्थ ३ आणि आल्या आल्या एका शत्रूला स्टन, म्हणजे त्याचा पुढचा अटॅक रद्द. दुसरा ॲलाय निक फ्युरी, त्याची किंमत ४, म्हणजे अख्खा हात गेला, पण तो आल्यावर ३ पत्ते ओढता येतात. म्हणजे निव्वळ खर्च २ पत्ते, आणि थ्वार्ट २. फेरी संपताना तो निघून जातो, पण तोवर एक अटॅक अंगावर घेऊन झालेला असतो. मग मॉकिंगबर्ड महाग नाही का पडत? कोणीतरी नीट समजावून सांगा ना.

डाव_मांडला

हिशोब बरोबर आहे, फक्त अर्ध्यात थांबलात. मॉकिंगबर्डचं पूर्ण आयुष्य मोजा. पहिली फेरी: स्टन, आणि १ थ्वार्ट. थ्वार्ट केल्याबद्दल तिला १ डॅमेज. खेळाडूंची पाळी संपताना सगळे पत्ते रेडी होतात (पुन्हा वापरता येतात), पण व्हिलनचा अटॅक स्टनमुळेच गेला. दुसरी फेरी: पुन्हा १ थ्वार्ट, पुन्हा १ डॅमेज. आता उरलेल्या शेवटच्या हेल्थवर अटॅक घ्यायचा. एकूण २ थ्वार्ट आणि २ अटॅक वाचले.

फ्युरीकडून २ थ्वार्ट आणि १ अटॅक. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो: तो जास्तीचा एक अटॅक दोन पत्त्यांच्या मोलाचा आहे का? ऱ्हायनो या व्हिलनच्या पहिल्या स्टेजला अटॅक २ आणि वर एक बूस्ट (अटॅकमध्ये भर घालणारा, उलटून बघायचा पत्ता), तिथे मी नाही म्हणेन. तिसऱ्या स्टेजला अटॅक ४ होतो, तिथे डोळे मिटून हो. शिवाय अटॅक हीरोनं अडवला तर तो एक्झॉस्ट होतो (वापरला जातो) आणि पुढच्या पाळीत त्याचा बेसिक अटॅक किंवा थ्वार्ट जातो. तो खर्चही वाचला, हे धरायला लोक विसरतात.

तिची तिसरी हेल्थ थ्वार्ट करण्यात घालवू नका. सगळी चूक तिथेच होते.

पावभर_तर्री

मी पण नागपूरचाच. भाऊ, तुमचा प्रश्न किमतीचा नाहीच, कोणाकडे ठेवायची याचा आहे, आणि त्याचं उत्तर स्पायडर-मॅनच्या स्वतःच्या पत्त्यावर आहे. व्हिलननं त्याच्यावर अटॅक सुरू केला की तो एक पत्ता ओढतो. स्टन असला की अटॅक सुरूच होत नाही, नुसतं स्टनचं कार्ड जातं, आणि भाचीचा पत्ताही जातो. याउलट अटॅक होऊ दिला आणि ॲलाय पुढे केला, तर पत्ताही मिळतो आणि डॅमेजही नाही. म्हणून तिच्यासाठी ॲलाय ही ढाल चांगली, स्टन तितकासा नाही.

तुमच्याकडे लीडरशिप आहे म्हणजे मेक द कॉल हा पत्ता असेलच. त्याची किंमत शून्य, फक्त ॲलायची किंमत भरायची, आणि डिस्कार्डमधून (टाकलेल्या पत्त्यांतून) परत आलेली मॉकिंगबर्ड पुन्हा स्टन करते. तुमच्याच डेकमध्ये ठेवा. ॲलाय कोणाचाही असो, दुसऱ्याच्या अंगावरचा अटॅक घेऊ शकतो, हे भाचीला दाखवून द्या.

अनुभवी_मावशी

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. स्टालवर्ट असलेल्या व्हिलनला स्टन लागत नाही. तिथे मॉकिंगबर्ड म्हणजे ४ पत्त्यांत साधी ढाल, सरळ काढून ठेवा. अल्ट्रॉन या व्हिलनसमोरही जपून, कारण त्याला स्टन केलं तरी त्याचे ड्रोन अंगावर येतातच.

आणि मुलं ॲलायला मरू देत नाहीत हो. माझा मुलगा एका हेल्थवरच्या ॲलायला चार-चार फेऱ्या नुसता बसवून ठेवायचा. मर्यादा तीनच ॲलायची, त्यातली एक जागा अशी अडली की नवा आणायला जुना काढावा लागतो, आणि काहीच न करता तो जातो.

भाचीचा_मामा (नागपूर)

मावशी, अगदी हेच! आमची भाची म्हणते, "मामा, तिला पुढे नको करू ना, ती मरेल."

काल क्लॉ या व्हिलनविरुद्ध बसलो. मॉकिंगबर्ड माझ्या डेकमध्ये. क्लॉचा पहिल्या स्टेजचा छापील अटॅक ०, पण अटॅकला नेहमीपेक्षा एक बूस्ट जास्त, म्हणजे दोन पत्ते उलटेपर्यंत काय येणार याचा नेम नाही. स्टन टाकला त्या फेरीत पहिली पाळी भाचीची होती आणि ती पीटर पार्कर रूपात, म्हणजे हीरो रूपात नव्हती. त्यामुळे क्लॉनं तिच्या पाळीला स्कीम केली (अटॅकऐवजी आपला डाव पुढे सरकवला), स्टन तसाच राहिला आणि माझ्यावरचा अटॅक गेला. पुढच्या फेरीला ती हीरो होती. अटॅक तिच्यावर आला, तिनं पत्ता ओढला, आणि मी माझी मॉकिंगबर्ड आडवी केली. दोन्ही बूस्ट उलटले, सगळं मॉकिंगबर्डवर गेलं.

भाची गप्प झाली. पत्ता माझ्या डिस्कार्डमध्ये गेला तरी नजर तिथेच. दोन फेऱ्यांनी मेक द कॉल हाती आला, ३ रिसोर्स भरले आणि मॉकिंगबर्ड परत टेबलावर ठेवली. तेव्हा तिनंच हात लांबवून स्टनचं कार्ड क्लॉवर ठेवलं.

आता तिच्या डेकमध्ये एक जागा रिकामी आहे. जस्टिसमधून डेअरडेव्हिल हा ॲलाय घ्यावा म्हणते. आज दुपारी खेळून बघतो.