खुबा मोडला की ‘वय झालंय’ म्हणून थांबायचं?

पडवीकर: परवा देवगडजवळ शेजारच्या आजी (८१) मागीलदारच्या जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरल्या. पाय आखूड झालाय, बाहेर वळलाय. गावाचा निकाल: “या वयात कापाकापी नको. लेप लावा, दोन महिने निजवा.” मला हे निजवणंच जीवघेणं वाटतं. छातीत कफ, पाठीला जखमा, पायात गुठळ्या. वय नंतर बघा, आधी हाड कुठे मोडलंय ते विचारा. सांध्याच्या पिशवीच्या आत, मांडीच्या हाडाच्या मानेशी मोडलं तर त्याच्या गोल डोक्याचं, म्हणजे बॉलचं, रक्त तुटू शकतं. गार्डन नावाच्या सर्जनने १९६१ मध्ये याचे चार प्रकार पाडले. पहिल्या दोनांत हाड फारसं हललेलं नसतं, बहुधा स्क्रूवर भागतं. पुढच्या दोनांत सरकतं, तिथे म्हातारपणी बॉलच बदलतात. मानेखाली मोडलं तर रक्ताची अडचण नसते, प्लेट किंवा रॉड.

सड्यावरचा: गार्डन राहू दे. माझ्या वडिलांचा बॉल बदलला, ‘ऑपरेशन यशस्वी’ म्हणाले, अकराव्या दिवशी गेले. हृदय आधीच थकलेलं. हाडवैद्याकडे नेलं असतं तर निदान घरात गेले असते.

पडवीकर: त्यावर काय बोलणार? पण मांडीचे स्नायू हाड वर खेचतात, म्हणून तर पाय आखूड दिसतो. बाहेरची पट्टी ते कसं धरणार? मनगट वेगळं, ते बाहेरून धरता येतं.

मालवणी मिरची: माझ्या आवशीक रॉड घातलो, दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभी. आता माकाच गाळी घालता.

कुडाळची सिस्टर: सड्यावरचे, तुमचा राग कळतो. पण थकलेलं हृदय अंथरुणावरही थकतंच. आधीपासून अंथरुणाला खिळलेल्यांचंही कधी कधी ऑपरेशन करतात, कूस बदलताना दुखण्याने जीव जाऊ नये म्हणून. पडवीकर, घाईचं तुम्ही काही बोललाच नाहीत. ब्रिटनचा नियम: ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. इथे गोव्यातलं बांबोळीचं मोठं हॉस्पिटल गाठेपर्यंतच रात्र होते, त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू. २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात साधारण सहा तासांत ऑपरेशन आणि चोवीस तासांत ऑपरेशन यांत मृत्यूंचा फरक दिसला नाही, लवकर केलेल्यांत भ्रम मात्र कमी झाला. म्हणजे शर्यत नको, पण आठवडाही नको. आणि घरी आल्यावर हाडं ठिसूळ होण्यावरचं औषध कोण विचारतं? बॉल नवा, बाकीची हाडं तीच.

पडवीकर: एक्स-रे आला. मानेखालचं आहे, रॉड ठरला. मुलगा मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघतोय, सही तोवर अडलीय.

सड्यावरचा: आजी शुद्धीत आहेत ना? मग त्यांनाच विचारा की.