चपलांचा जोड इथं पुरत नाही

एक चप्पल साताऱ्यात, एक सांगलीत. इथली पेटी उघडून डावी निघाली की तिथली उजवीच. एन्टँगलमेंट (दोन कण लांब नेले तरी त्यांच्या मोजणीचे निकाल एकमेकांशी मेळ खातात, ती क्वांटम जोडणी) समजवायला दिलं जाणारं हे उदाहरण एका बाबतीत चोख आहे: त्यातून निरोप जात नाही. एन्टँगलमेंटमधूनही जात नाही. ज्याला त्याला आपल्या बाजूला नुसता छापा-काटा दिसतो, मेळ बसलाय हे कळायला शेवटी फोनच करावा लागतो. पण चप्पल डावी की उजवी हे पेटीत भरतानाच ठरलेलं असतं, आणि घोळ तिथंच आहे.

साताऱ्यात बारावीच्या पोरांना शिकवताना मी एक खेळ घेतो. एक जण वर्गात, दुसरा जिन्यापाशी. दोघांनी नाणं उडवायचं आणि 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. दोन्हीकडे छापा आला तरच उत्तरं वेगळी हवीत, एरवी सारखी. काय संगनमत करायचं ते आधी करा, नंतर बोलणं बंद. पोरं डब्याच्या सुट्टीतही वह्या भरत बसली, पण सरासरी 75 टक्क्यांच्या वर जायची सोयच नाही. दोघांनी डोळे मिटून कायम 'हो' लिहिलं तरी तेवढंच. (एका जोडीनं 20 पैकी 17 काढले होते. आणखी शंभरेक डाव खेळवले, आले जमिनीवर.) नाण्यानुसार एन्टँगल्ड फोटॉन (प्रकाशाचे कण) मोजून उत्तर लिहिलं तर हाच आकडा 85च्या आसपास जातो. आधीच ठरलेल्या चपलांना ते जमणार नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या 1964च्या प्रमेयाचा गाभा हाच. अस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना 2022चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच जातीच्या प्रयोगांसाठी मिळालं.