फेणी झोंबते, मग वास का नाही?

म्हापशाच्या ताई, स्कूटरवरून पडल्यापासून सुक्या बांगड्याचा वास येत नाही, पण फेणी हुंगली की नाकात झोंबतं, म्हणजे नस शाबूत असेल, असं तुम्ही म्हणता. तसं नाही हो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंना क्रमांक दिलेले आहेत; झोंबणं कळतं पाचव्यामुळे, वास पहिल्यामुळे. पहिल्याचे बारीक धागे नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूकडे जातात. डोकं आपटून मेंदू हलला की ते तिथेच तुटू शकतात. अमोनियाही फेणीसारखा झोंबतो, म्हणून वासाच्या तपासणीला तो चालत नाही, कॉफी घेतात, तीही एकेका नाकपुडीने. वासाच्या पेशी नव्याने तयार होतात, त्यामुळे काहींना महिन्यांनी पुन्हा वास येऊ लागतो. नाकातून पाण्यासारखं गळत असेल तर मात्र आजच डॉक्टरांकडे जा. आणि घरात गॅस गळला तर तुम्हाला कळणार नाही, तेवढं सांभाळा.