कसारा घाटातला लाल पट्टा खरंच डायनासोरांच्या अंताची खूण आहे का?

सातपूरकर: पावसाळा लागला की नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरतो. कसारा घाटातला काळा कातळ, मधे विटकरी पट्टा, खाली मजकूर: 'इथे डायनासोर संपले.' आता शाळेच्या सहलींतही हेच सांगतात म्हणे. हे थांबायला हवं. दोन लाव्हांच्या मधल्या काळात खडक झिजून माती झाली, वरून पुढचा लाव्हा आला आणि ती भाजली. एवढीच त्या पट्ट्याची गोष्ट. असे पट्टे सह्याद्रीत ढिगानं आहेत. मग डायनासोर संपले तरी किती वेळा?

गंगापूररोड: एवढं चिडायला काय झालं? डायनासोर गेले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आपला दख्खनचा लाव्हाही त्याच सुमाराचा. पोरं निदान खडकाकडे बघतायत. बारकावे शिकतील कॉलेजात.

सातपूरकर: कॉलेजात भूगर्भशास्त्र घेणारी पोरं किती, तेही सांगा. अहो, डायनासोर संपल्याची सीमा खडकाच्या रंगावरून ठरत नसते. इटलीत गुब्बिओला चुनखडकाच्या थरांत जेमतेम बोटभर जाडीची चिकणमाती आहे. तिच्या खालच्या चुनखडकात फोरामिनिफेरांची, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म एकपेशी जिवांची, मोठी, नक्षीदार कवचं. वरच्यात एकदम बारकी, तीही मोजक्याच जातींची. त्या मातीत इरिडियम, म्हणजे जमिनीवर दुर्मीळ पण उल्कांत भरपूर असणारा धातू, नेहमीच्या सुमारे ३० पट निघाला, आणि त्यावरून १९८० मध्ये अल्वारेझ बापलेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विनाश उल्केच्या आघातानं झाला असं मांडलं. समुद्रतळाशी गाळ साचत राहिला म्हणून ही नोंद टिकली. आपल्या घाटात तेव्हा लाव्हा वाहत होता. तिथे फोरामिनिफेरा कुठून आणणार?

इगतपुरीचा_पाऊस: फोटोबद्दल सहमत, पण गाळाचा खडक नाही म्हणजे सगळंच संपलं, हे पटत नाही. दख्खनच्या अशाच काही लाल पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉन या खनिजाचे कण मिळतात. युरेनियम-शिसे पद्धतीनं त्यांचं वय निघतं. २०१९ मध्ये एका गटानं तेच केलं, दुसऱ्यानं बेसॉल्टचं, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाचं वय आर्गॉन पद्धतीनं काढलं. पहिला म्हणतो, विनाशाच्या आधीच्या काही दहा हजार वर्षांत उद्रेकाचा मोठा झटका आला. दुसरा म्हणतो, बराचसा लाव्हा विनाशानंतरच बाहेर पडला. वाद मिटलेला नाही, पण त्यातला एक पुरावा या मातीतूनच आलाय. तिला हिणवू नका.

सातपूरकर: हिणवत नाही. पण दोघांच्याही हिशोबात सीमा येते ती दख्खनच्या थरांपैकी वरच्या, म्हणजे 'वाई उपगट' नावाच्या लाव्हांच्या आसपास. थर दक्षिणेकडे कललेत, त्यामुळे ते लाव्हा महाबळेश्वरकडे. कसारा-इगतपुरीचे लाव्हा या थप्पीत पार तळाशी. म्हणजे तो फोटो काढला तिथे डायनासोर अजून मजेत होते!

गंगापूररोड: मग शाळेनं महाबळेश्वरला सहल काढायची? खर्च तुम्ही देणार? आणि तुम्हा उल्कावाल्यांना मेक्सिकोतल्या युकातानचं, उल्का आदळलेलं विवर तेवढं दिसतं, दारातला लाव्हा दिसत नाही. एवढा वायू हवेत गेला, त्याचं काहीच नाही?

इगतपुरीचा_पाऊस: आहे ना. पण 'लाव्हानं हवामान बिघडवलं असेल' आणि 'ही बघा ती रेषा' ही दोन वेगळी विधानं आहेत. समुद्री गाळातली सीमा भारतात बघायचीच असेल, तर मेघालयात उम सोहरिंगक्यू नदीकाठी आहे, इरिडियमसकट. घाटात पोरांना खडकातले बोटाएवढे पांढरे फेल्डस्पारचे स्फटिक दाखवा. ते तिथलेच आहेत आणि खोटं काही बोलावं लागत नाही.

गंगापूररोड: स्फटिकाला कोण विचारतं हो! डायनासोर म्हटलं की बस भरते.