व्हायोलाच्या रांगेत बसून शुबर्ट ऐकावा कसा?

प्रश्न – मधलीरांग

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये राहते आणि दोन वर्षांपासून येथील एका हौशी वाद्यवृंदात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे आणि खालच्या स्वराचे वाद्य, वाजवते. सध्या ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टच्या 'अपूर्ण' सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या एका दीर्घ रचनेचा, सराव सुरू आहे. पहिल्या भागात चेलो (व्हायोलाहून मोठी, आणखी खर्जातली तंतुवाद्ये) ती सुप्रसिद्ध धून छेडतात, तेव्हा आम्ही आणि क्लॅरिनेटवादक दोन मात्रांच्या मधोमध पडणारे तेच ते स्वर वाजवत असतो. माझे सगळे लक्ष मात्रा मोजण्यात जाते. हीच रचना घरी ऐकताना डोळे भरून येतात, सरावात मात्र ती हाती लागत नाही. वाजवणाऱ्याला संगीताचा आस्वाद घेता येतो का?

प्रतिसाद – जुनाचेलो

ती धून माझ्या वाट्याला येते, म्हणून आधी मीच लिहितो. एका सरावात आमच्या संचालकांनी व्हायोला आणि क्लॅरिनेट यांना थांबवून ती फक्त चेलोंकडून वाजवून घेतली. धून गोडच होती, पण अंगाईसारखी निवांत. आणि व्हायोला परतताच तिच्या पोटात धडधड सुरू झाली. या धुनेत जी अस्वस्थता आहे, ती बरीचशी आपल्या त्या 'त्याच त्या' स्वरांची आहे.

संपूर्ण स्कोर, म्हणजे सर्व वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली स्वरलिपी, मिळवा. शुबर्ट 1828 मध्ये वारला, त्यामुळे स्कोरवर आता प्रताधिकार नाही आणि तो विनामूल्य उपलब्ध आहे. घरी ध्वनिमुद्रण ऐकताना बोट आपल्या ओळीवर ठेवा आणि कान दर वेळी वेगळ्या वाद्याकडे द्या. धून चेलोंकडून व्हायोलिनकडे जाते, मध्येच तुटते, एक पूर्ण बार (मात्रांचे एक आवर्तन) कोणीच काही वाजवत नाही, आणि मग सी मायनर या गंभीर स्वरपट्टीतला स्वरमेळ सर्व ताकदीनिशी कोसळतो. सभागृहातील श्रोत्याला ती शांतता ऐकू येते. आपल्याला ती हातात, थबकलेल्या गजात जाणवते. हा आस्वाद श्रोत्याच्या वाट्याला कधीच येत नाही, असे मी अगदी मनापासून म्हणतो.

प्रतिसाद – साष्टीकर

माझे आजोबा गोव्यात चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकले. तेथे वाद्य हाती येण्यापूर्वी सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावे घेत लिपी गाऊन वाचणे, पक्के करून घेत. तोच उपाय सुचवतो: चेलोची धून गुणगुणत आपली लय टाळीने धरा. आठवडाभरात मोजणे आपोआप मागे पडेल.

प्रतिसाद – षड्ज

मी पाश्चात्त्य संगीत वाजवत नाही, पण गुरुजींच्या मागे बसून अनेक वर्षे तानपुरा छेडला आहे. श्रोत्यांत बसून मला राग ऐकू येई. तानपुऱ्यावर बसल्यावर गुरुजींचा गंधार षड्जापासून किती अंतरावर उभा आहे, ते कळू लागले. आपली जागाही तशीच असावी असे वाटते.

मधलीरांग

सर्वांची मी आभारी आहे. काल सरावापूर्वी टाळीचा प्रयोग केला. धून सुरू होताना माझ्या मागच्या क्लॅरिनेटवादकाने घेतलेला श्वास मला पहिल्यांदाच ऐकू आला, आणि त्याच श्वासावर माझा गजही उचलला गेला. पुढच्या हंगामात बीथोव्हनची सातवी सिंफनी आहे. तिच्या दुसऱ्या भागाची धून व्हायोला, चेलो आणि डबल बास (सर्वांत खर्जातले तंतुवाद्य) यांच्यापासून सुरू होते आणि पहिल्या गटातील व्हायोलिने बराच वेळ थांबून असतात, असे स्कोरमध्ये आजच पाहिले.