अनुभव धागा: रोझरी (जपमाळ), मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि आपल्या डुलक्या

निळी माळ: कपाट आवरताना आज आजीची रोझरी सापडली. 59 मण्यांतला एक गायब. लहानपणी माझं लक्ष फक्त किती मणी उरलेत याकडे, आणि तिसऱ्या रहस्याला (पाच भागांतल्या तिसऱ्या भागाला) मी आडवी! गेल्या वर्षी नोकरी गेली तेव्हा मात्र रात्र रात्र झोप येईना. मग बोटांवर सुरू केलं. दहा बोटं, दहा 'नमो मरिया' प्रार्थना. अजूनही रोज एकच दशक (दहांचा एक फेरा) होतं, पाच जमत नाहीत. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. तुमचं सांगा.

उशिरा येणारा: प्रवचनात झोपणारे इथेच जमायचंय ना? हजर 🙋

थोडक्यात: फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेझासुद्धा प्रार्थनेत झोपायची, तिनेच लिहून ठेवलंय. लेकरू झोपलेलं असलं तरी आईबापाला तेवढंच लाडकं, असं तिचं म्हणणं. आणि 1997 मध्ये तिला चर्चची आचार्य, म्हणजे श्रद्धेची थोर शिक्षिका, केलं! हे कळल्यावर मी अपराधीपणा सोडला. झोप नाही.

चार वर्षांनी: कन्फेशनला (फादरांपुढे पापं कबूल करायला) गेलो ते मोबाईलवर पापांची यादी करून. आत गुडघे टेकले आणि बॅटरी संपली. फादर म्हणाले, आठवेल ते सांग. आठवलं ते यादीत नव्हतंच, भावाशी अबोला. पेनन्स (प्रायश्चित्त) काय, तर एकदा 'आमच्या बापा' ही प्रार्थना. मला वाटलं, स्वस्तात सुटलो. इतरांना क्षमा करण्याच्या ओळीला अडकलो ना पण. घरी येऊन मोबाईल चार्ज केला, भावाला फोन लावला, उचलला नाही. परवा उचलला.

अल्टो: काय म्हणाला??

चार वर्षांनी: "कोण बोलतंय?" नंबर उडवला होता त्याने 😅

ताई: धाकटा म्हणतो कार्लो अकुतिसपण (तो कॉम्प्युटरवेडा इटालियन पोरगा) कॉम्प्युटरवर बसायचा. 7 सप्टेंबर 2025 ला तो संत झाला आणि आमच्या घरी माझी वाट लागली. म्हटलं, तो रोज मिस्सालाही जायचा. तेव्हा कुठे गप्प.

अल्टो: खरं सांगू? मला आत काही जाणवतच नाही. चर्चच्या गायनात अल्टो (बायकांतला खालचा आवाज) कमी आहेत म्हणून दर रविवारी जाते. धरायचा का हा विश्वास?

उशिरा येणारा: धर गं. मी एकटाच टेनर (पुरुषांतला वरचा आवाज) आहे, तोही बेसूर. तरी कोणी हाकलत नाही.

अल्टो: 😂 सराव कधी असतो तुमचा?

निळी माळ: कुकर लावून आले. सुटा मणी सापडत नाहीये, शर्टाचं बटण ओवू का?

ताई: ओव की. डोळे मिटलेले असले तरी बोटाला कळेल कुठे आलीस.